घरच्या हवेचं मोजमाप: गोव्याच्या दमट हवेत चालणारं यंत्र क्रमाने कसं जोडावं

पावसाळा लागला की मला ठरावीक फोन येतात. “यंत्र जोडलं, आकडे येतात, पण सकाळपासून पाऊस पडतोय आणि हे म्हणतंय हवा खराब आहे. सेन्सर बाद निघाला का?” सेन्सर बहुतेक वेळा ठीक असतो. सगळे भाग एका रविवारी जोडलेले असतात, लगेच सुबक डबीत बसवून स्क्रू आवळलेले असतात, आणि आर्द्रता एक तर मोजलेलीच नसते किंवा मोजली असेल तर ती डबीच्या आतली असते.

गोव्यात याने सगळं मोजमाप बिघडतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं ते तुम्ही पाहिलंच असेल. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात, त्यांचंही हेच होतं: कण पाणी पिऊन फुगतो. धुळीचा स्वस्त सेन्सर कणांवर लेझरचा झोत टाकून विखुरलेला उजेड मोजतो. फुगलेला कण जास्त उजेड विखुरतो, आणि यंत्र ते पाणीही धूळ म्हणून मोजतं. म्हणून खाली आर्द्रतेचा सेन्सर सर्वांत आधी आहे आणि डबी जवळजवळ शेवटी. हा क्रम मोडू नका.

१. हे यंत्र काय मोजणार, काय नाही

आपण तीन गोष्टी मोजणार आहोत: बारीक कण (पीएम २.५), कार्बन डायऑक्साइड, आणि तापमानासह आर्द्रता. धूप, तळण, डासांची कॉइल, शेजारच्या भाटात जाळलेला पालापाचोळा, नरकासुराच्या रात्रीचे फटाके हे सगळं पीएम २.५ मध्ये दिसतं. एसी लावून बंद ठेवलेल्या खोलीतली कोंडलेली हवा कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसते.

सावधान: हे यंत्र स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडही ओळखत नाही. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर त्यासाठी वेगळा, प्रमाणित अलार्म घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. या यंत्राच्या भरवशावर राहू नका.

दुसरी मर्यादा डिचोली, सावर्डे आणि वास्कोच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. हे छोटे सेन्सर पीएम १० चा आकडा छापतात, पण जाडसर कण त्यांना नीट दिसतच नाहीत. तो आकडा बराचसा बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ किंवा कोळशाची भुकटी यांतला मोठा भाग जाडसर असतो. खिडकीच्या फळीवर बोट फिरवलं की लाल रेघ उमटते, आणि त्याच वेळी यंत्र पीएम १० “ठीक” दाखवत असतं. तेव्हा हे आकडे घेऊन धुळीची तक्रार करायला जाऊ नका, उलट तुमचाच दावा लंगडा पडेल. त्यासाठी गाळणकागदावर धूळ गोळा करून तिचं वजन करणारी प्रमाणित यंत्रं लागतात.

२. सामान

- रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एका पाटीवरचा छोटा संगणक, पुढे नुसतं “पाय”), पिना आधीच बसवलेला. पिना नसलेला स्वस्त पडतो, पण ४० टाके घालावे (सोल्डर करावे) लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.
- ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. जुन्या मोबाइलचा चार्जर नको.
- मेमरी कार्ड, १६ किंवा ३२ जीबी. सीसीटीव्हीसाठी मिळतं ते जास्त टिकाऊ कार्ड घ्या.
- धुळीसाठी प्लँटॉवर पीएमएस ५००३, सोबत त्याची जोडपट्टी. मूळ केबलीची टोकं फार बारीक असतात, साध्या जंपर वायरी त्यात बसत नाहीत.
- आर्द्रता-तापमानासाठी बीएमई २८०.
- कार्बन डायऑक्साइडसाठी सेन्सिरियनचा एससीडी ४०.
- डीएस ३२३१ घड्याळ, बॅटरीसकट. हे का लागतं ते सहाव्या टप्प्यात सांगतो.
- साधा मल्टिमीटर.

खरेदीत तीन चुका वारंवार होतात.

पहिली, बीएमई २८० म्हणून बीएमपी २८० गळ्यात पडणं. दोन्ही सारखेच दिसतात, पण बीएमपी आर्द्रता मोजतच नाही. बीएमईची चकाकणारी टिकली चौकोनी असते, बीएमपीची किंचित लांबट. पक्की खात्री तिसऱ्या टप्प्यात होईल.

दुसरी, एमक्यू १३५ हा वायूचा सेन्सर घेणं. तो बदलता व्होल्टेज देतो आणि रास्पबेरी पायला तसा व्होल्टेज थेट वाचता येत नाही. वाचता आला तरी त्यातून निघणारा “कार्बन डायऑक्साइड” हा इतर वायूंवरून बांधलेला तर्क असतो. अगरबत्ती लावली तरी तो उसळतो.

तिसरी, धुळीसाठी एसडीएस ०११ घेणं. हा चांगला सेन्सर आहे, पण निर्मात्याने त्याला कामाची मर्यादा ७० टक्के आर्द्रतेची घातली आहे आणि लेझरचं आयुष्य ८,००० तास दिलं आहे. जून ते सप्टेंबर गोव्यात ७० टक्क्यांच्या खाली हवा किती वेळ असते? आणि अखंड चालवला तर ८,००० तास वर्षभरही पुरत नाहीत.

३. कार्ड तयार करा आणि आर्द्रतेचा सेन्सर एकटाच जोडा

रास्पबेरी पाय इमेजर वापरून कार्डावर ओएसची लाइट आवृत्ती टाका. लिहायला सुरुवात करण्याआधी सेटिंग्जमध्ये वायफायचं नाव, पासवर्ड, देश भारत, वेळ कोलकाता, आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) चालू, एवढं भरा. झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असेल तर ते टाकू नका.

पाय सुरू झाला की रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये आय-टू-सी (त्याच दोन तारांवर अनेक सेन्सर वाचायची पद्धत) चालू करा. मग वीज पूर्ण बंद करून बीएमई २८० जोडा:

- व्हीसीसी → पिन १ (३.३ व्होल्ट)
- एसडीए → पिन ३
- एससीएल → पिन ५
- ग्राउंड → पिन ६

सावधान: पायच्या संदेशाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पिन २ आणि ४ वर ५ व्होल्ट असतात आणि त्या अगदी शेजारीच आहेत. एक पिन सरकली तर पाय जातो. वायर लावताना वीज बंद, हा नियम एकदाही मोडू नका.

तपासणी: आय-टू-सी शोधणारी आज्ञा (i2cdetect) चालवली की तक्त्यात ७६ किंवा ७७ दिसलं पाहिजे. काहीच दिसलं नाही तर एसडीए-एससीएल अदलाबदल झालेले असतात, दहांतल्या नऊ वेळा हेच कारण. मग चिपचा ओळख-क्रमांक हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) वाचा. ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. ५८ असेल तर इथेच थांबा आणि दुकानात परत द्या.

*मिठाची परीक्षा*

आर्द्रतेचा आकडा दिसायला लागला की बहुतेक जण खूश होऊन पुढे जातात. तो आकडा बरोबर आहे हे कसं कळणार? घरातल्या मिठाने. बंद जागेत ओलसर मीठ ठेवलं की तिथली हवा आपोआप ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते.

बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घाला. भिजलेल्या रेतीसारखं दिसलं पाहिजे. वर पाणी साचलं तर जास्त झालं. हे झाकण आणि सेन्सर एका झिप पिशवीत ठेवा, सेन्सरला मीठ लागू देऊ नका. वायरी तोंडातून बाहेर काढून तिथे चिकटपट्टी घट्ट लावा. पिशवी पंख्याखाली किंवा उन्हात नको, कपाटात ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

सकाळी आकडा ७२ ते ७८ च्या दरम्यान हवा. ठरावीक फरक असेल, समजा ७१, तर अधिक ४ ची दुरुस्ती वहीत लिहून ठेवा. ६५ किंवा ८५ दाखवत असेल तर आधी पिशवी नीट बंद होती का ते पाहा.

मीठ पाकिटातलं, साधं, स्वच्छ घ्या. आगरातलं जाडं मीठ स्वयंपाकाला कितीही चांगलं असलं तरी इथे नको. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला पाणी धरतात आणि आकडा खाली ओढतात. पहिल्यांदा मी तेच वापरलं होतं, आणि चांगला सेन्सर खोटा ठरवून बसलो होतो.

४. धुळीचा सेन्सर

पीएमएस ५००३ ला आठ पिना आहेत. आपल्याला तीनच लागतात:

- व्हीसीसी → पायची पिन २ (५ व्होल्ट, आतला पंखा यावरच फिरतो)
- ग्राउंड → पिन ९
- टीएक्स → पायची पिन १०

सेट आणि रीसेट मोकळ्या सोडा, त्या आतूनच वर ओढलेल्या असतात. आरएक्सही जोडू नका, सेन्सर स्वतःहून आकडे पाठवत राहतो. वायरींच्या रंगांवर अजिबात जाऊ नका, पुरवठादारागणिक ते बदलतात. जोडपट्टीवर छापलेलं नाव वाचूनच वायर लावा. वीज दिल्यावर, पिन १० ला जोडण्याआधी, टीएक्सवर मल्टिमीटर धरा. साधारण ३.३ व्होल्ट दिसले तर वीज बंद करून वायर लावा. ५ दिसले तर चुकीची वायर हातात आहे.

सेन्सरची धातूची पेटी ग्राउंडला जोडलेली असते. ती पायच्या पिनांवर टेकली तर शॉर्ट होईल.

आता रास्पी-कॉन्फिगमध्ये सीरियल पोर्टचे दोन प्रश्न येतात, आणि निम्मे लोक इथे अडकतात. “सीरियलवरून लॉगिन हवं का?” याला नाही. “सीरियल पोर्ट चालू ठेवायचा का?” याला हो. दोन्हींना हो म्हटलं की ओएस स्वतः त्याच तारेवर बोलत राहते आणि तुम्हाला कचरा दिसतो. प्रोग्राममध्ये पोर्ट म्हणून सीरियल-शून्य हे टोपणनाव वापरा, वेग ९,६०० ठेवा.

तपासणी: सेन्सर दर खेपेला ३२ बाइटांचा संच पाठवतो. पहिले दोन बाइट नेहमी ६६ आणि ७७ (हे साध्या दशमान आकड्यांत). शेवटचे दोन म्हणजे आधीच्या ३० बाइटांची बेरीज. ती जुळली नाही तर तो संच फेकून द्या. ही तपासणी गाळली की मध्येच हजारोंचा आकडा उडतो आणि घरातली माणसं घाबरतात. पीएम २.५ चे दोन आकडे असतात: सातव्या-आठव्या बाइटात कारखान्याच्या प्रमाणाचा, तेराव्या-चौदाव्यात वातावरणाचा. नोंदीत दोन्ही ठेवा, पण तुलना करताना आज एक, उद्या दुसरा असं करू नका.

सुरू केल्यावर पहिली ३० सेकंदं सोडून द्या, पंख्याचा वेग तोवर स्थिरावत नाही. मग सेन्सरपासून हातभर अंतरावर अगरबत्ती लावा. अर्ध्या मिनिटात आकडा चढायला हवा आणि विझवल्यावर हळूहळू उतरायला हवा. धूर थेट तोंडात सोडू नका, आतल्या भिंगावर थर बसतो.

५. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर

एससीडी ४० बीएमईच्याच वायरींवर चालतो: तोच एसडीए, तोच एससीएल, वीज पिन १७ वरून ३.३ व्होल्ट. शोध-तक्त्यात ६२ दिसलं की जोडणी झाली. खिडकीत ठेवून अर्धा तास थांबा, आकडा साधारण ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) यावा. श्वास लांब ठेवा, वाकून पाहिलं तरी आकडा चढतो.

हा सेन्सर स्वतःला दुरुस्त करत असतो. आठवड्यात दिसलेली सर्वांत स्वच्छ हवा म्हणजे ४०० पीपीएम, असं तो धरून चालतो. गोव्यातल्या बहुतेक घरांत खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे अडचण येत नाही. पण तो कायम एसीच्या बंद खोलीत राहिला तर कोंडलेल्या हवेलाच ४०० समजू लागतो. आठवड्यातून एकदा ती खोली तासभर सताड उघडा.

६. नोंदी: वीज जाणार हे धरूनच

प्रोग्राम पायथनमध्ये लिहा. नव्या ओएसवर पायथनची पॅकेजं थेट टाकायला गेलं की ते नकार देतं. हा बिघाड नव्हे. आधी वेगळं आभासी वातावरण तयार करा आणि त्यातच सगळं टाका. जबरदस्तीचा पर्याय वापरू नका.

प्रोग्रामचं काम असं: दर मिनिटाला धुळीच्या आलेल्या संचांतला मधला आकडा घ्या, सोबत तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड, आणि हे सगळं एका ओळीत ठेवा. ओळी मेमरीत साठवा आणि दर पाच मिनिटांनी कार्डावरच्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहा. दर सेकंदाला लिहिणाऱ्या यंत्राचं कार्ड वीज जाण्याच्या क्षणी हमखास लिहिण्यातच सापडतं आणि बिघडतं. प्रोग्राम सिस्टम-डी सेवेत (ओएसची प्रोग्राम आपोआप सुरू करायची सोय) घाला, म्हणजे वीज आल्यावर तो आपोआप उठेल.

आता घड्याळाबद्दल. झीरो २ डब्ल्यूला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. पावसात वीज गेली, परत आली, पण इंटरनेट दोन तास आलंच नाही, असं आपल्याकडे कितीदा होतं! तेवढ्या वेळात यंत्र जुन्याच वेळेवर नोंदी करत राहतं. फाइलमध्ये दुपारची तळणी पहाटे दिसते आणि आपण कारण शोधत बसतो. डीएस ३२३१ त्याच आय-टू-सी वायरींवर लावा, तक्त्यात ६८ दिसेल.

सावधान: दुरुस्त केलेला आकडा मूळ आकड्याच्या जागी कधीही लिहू नका. मूळ आकडा ठेवा आणि शेजारी “आर्द्रता ८० च्या वर” अशी खूण करा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं एक सूत्र लोक सर्रास वापरतात: ०.५२४ गुणिले कारखाना-प्रमाणाचा आकडा, वजा ०.०८६२ गुणिले आर्द्रता, अधिक ५.७५. यंत्राने २० दाखवलं आणि आर्द्रता ९० असेल तर उत्तर साडेआठच्या आसपास येतं. पण ते सूत्र तिकडच्या हवेवर बेतलेलं आहे. वेगळ्या स्तंभात ठेवून पाहायला हरकत नाही, त्यालाच खरं मानू नका.

७. टेबलावर आठ दिवस

सगळे भाग जोडले. आता डबीत न घालता, उघडेच, आठ दिवस चालवा. यातच सगळ्यांचा धीर सुटतो.

या दिवसांत वहीत वेळेसकट लिहा: सकाळी केर काढला, दुपारी बांगडे तळले, तिन्हीसांजेला धूप घातला, रात्री कॉइल लावली, पाऊस सुरू झाला, थांबला. आठव्या दिवशी आलेख आणि वही शेजारी ठेवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या चढाला वहीत कारण सापडलं पाहिजे. ज्या चढाला कारण नाही, तिथे आर्द्रतेचा स्तंभ पाहा. रात्री खिडक्या उघड्या असताना पहाटेपर्यंत संथ चढणारा आणि ऊन आल्यावर उतरणारा आकडा बऱ्याचदा पाण्याचाच असतो. धुराचा चढ उभा असतो.

हलणारी वायर, सैल पिन, झोपी जाणारं वायफाय हे सगळंही याच आठवड्यात बाहेर येतं. ब्रेडबोर्डवर (टाके न घालता वायरी खोचायच्या पाटीवर) केलेली जोडणी इथवरच ठीक. खाऱ्या हवेत तिचे संपर्क एका पावसाळ्यात हिरवे पडतात. डबीत जाण्याआधी टाके घाला.

८. डबी आणि जागा

माझी पहिली डबी म्हणजे एक देखणा प्लास्टिकचा डबा होता, आत पाय आणि बीएमई अगदी चिकटून. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असायची. पायच्या उष्णतेने आत ३३ अंश होत, आणि तीच हवा तापल्यामुळे आर्द्रता ६४ टक्के दिसे. म्हणजे “८० च्या वर” ही खूण पूर्ण पावसाळ्यात एकदाही उमटली नाही, आणि फुगलेले सगळे आकडे मी खरे मानले.

म्हणून डबीचे दोन कप्पे करा. वरच्या कप्प्यात पाय, खाली सेन्सर, कारण गरम हवा वर जाते. त्यातही बीएमई डबीच्या बाहेर, चार बोटं लांब वायरीवर लोंबता ठेवलात तर सर्वांत चांगलं. पीएमएसचं हवा ओढायचं तोंड आणि सोडायचं तोंड डबीच्या भिंतीला अगदी भिडवून बसवा, मध्ये आडपडदा ठेवा. नाहीतर सोडलेलीच हवा तो पुन्हा ओढतो. मुंग्या आणि पाली ऊबेला येतात, तेव्हा डबीच्या भोकांना नायलॉनची जाळी लावा, पण ती सेन्सरच्या तोंडावर चिकटवू नका.

तपासणी: डबीत घातल्यावर आणि घालण्याआधी, एकाच ठिकाणी, तापमानातला फरक एका अंशापेक्षा जास्त नको. जास्त असेल तर पुन्हा उघडा.

जागा म्हणाल तर बसायच्या खोलीत, डोक्याच्या किंचित खाली, भिंतीपासून वीतभर पुढे. शेगडीजवळ, देवघराशेजारी, एसीच्या झोतात, खिडकीच्या चौकटीत नको. चिऱ्याची उघडी भिंत पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी ओली होते, तिला टेकवूनही नको.

९. आकड्यांकडे कसं पाहायचं

भारतात पीएम २.५ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. दोन्ही सरासरी आहेत, आणि भारतातली मर्यादा बाहेरच्या हवेसाठी आहे. मासे तळताना आकडा तीन अंकी झाला म्हणजे मर्यादा ओलांडली असं होत नाही. किती वेळात तो खाली उतरतो ते पाहा. खिडकी उघडून, एक्झॉस्ट पंखा लावून तो वेळ कमी झाला का, हेच या यंत्राने शोधायचं आहे.

पडद्यावर “एक्यूआय” (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) लिहू नका. अधिकृत निर्देशांकाला किमान तीन प्रदूषकांची आकडेवारी आणि किमान १६ तासांची नोंद लागते. तुमच्याकडे एकच प्रदूषक आहे, तर “पीएम २.५” एवढंच लिहा.

बंद बेडरूममध्ये कार्बन डायऑक्साइड पहाटे १,५०० च्या वर जात असेल तर दार किंचित उघडं ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा.

१०. देखभाल

मिठाची परीक्षा वर्षातून दोनदा: मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि दसऱ्याच्या सुमारास. पीएमएसच्या तोंडाशी जमलेली जळमटं मऊ ब्रशने बाहेरूनच काढा, स्क्रू उघडू नका. चवथीत घर भरलेलं असतं, आरत्या-धूप सतत चालू असतात. त्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, महिन्याच्या सरासरीत मिसळू नका.